औद्योगिक व प्रणाली अभियांत्रिकी (विद्यापीठीय अध्ययन)

माणसे, यंत्रे, माल, माहिती, ऊर्जा आणि पैसा यांच्या एकत्र येण्यातून जी कार्यव्यवस्था उभी राहते, तिची मांडणी, मोजमाप आणि सुधारणा यांचा अभ्यास करणारी अभियांत्रिकीची शाखा. यंत्र अभियांत्रिकीत लेथ कसा चालतो हे शिकवले जाते; या शाखेत त्या लेथपुढे काम का साचते, त्यावरच्या कामगाराला दिवसातून किती वेळा वाकावे लागते आणि पुढच्या टप्प्यापर्यंत माल वेळेवर का पोहोचत नाही, हे प्रश्न अभ्यासाचा विषय होतात. कारखाना हे तिचे मूळ क्षेत्र असले, तरी रुग्णालये, विमानतळ, बंदरे, गोदामे आणि टपालव्यवस्था यांचाही तिच्या अभ्यासक्रमात आज तेवढ्याच सहजतेने समावेश होतो.

या विद्येचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पोलाद कारखान्यांत झाला. फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) यांनी कामाचे लहान लहान घटक पाडून प्रत्येकाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजण्याची रीत रूढ केली आणि १९११ साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ या ग्रंथात ती मांडली. फ्रँक गिलब्रेथ (१८६८–१९२४) यांनी वेळेपेक्षा हालचालींकडे लक्ष दिले. गवंडी प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकतो, वीट उलटसुलट करून तिची चांगली बाजू शोधतो आणि मग ती बसवतो, हे पाहून त्यांनी विटा व चुना हाताच्या उंचीवर राहतील अशी वरखाली करता येणारी परांची बनवली, विटा आधीच निवडून रचून ठेवण्याची पद्धत घातली आणि एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचावर आणल्या. या कामात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार असलेल्या त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ (१८७८–१९७२) मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्यांनी कामगाराचा थकवा आणि त्याचे मन हे अभियांत्रिकीचेच प्रश्न मानले. पतीच्या निधनानंतर त्यांनी हे कार्य स्वतंत्रपणे पुढे नेले, १९३५ साली त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. पाठ्यपुस्तकांत टेलर यांना मिळणारे अग्रस्थान कालक्रमाला धरून आहे. परंतु शाखेचे आजचे रूप पाहता तिच्यावरचे लिलियन गिलब्रेथ यांचे ऋण कमी लेखता येणार नाही.

विद्यापीठात हा विषय स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून प्रथम पेनसिल्व्हेनिया राज्य महाविद्यालयात, ह्यूगो डीमर यांच्या पुढाकाराने, १९०८–०९च्या सुमारास स्थिरावला. पुढे फोर्ड हॅरिस यांचे साठा-नियंत्रणाचे सूत्र (१९१३) आणि वॉल्टर शूहार्ट यांचा गुणवत्तेचा नियंत्रण आलेख (१९२४) यांनी त्यात गणिताची भर घातली. मोठे वळण मात्र दुसऱ्या महायुद्धाने दिले. ब्रिटनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट आणि इतर शास्त्रज्ञांनी रडारचा वापर, जहाजांच्या ताफ्यांचा आकार असे लष्करी प्रश्न आकडेवारीच्या आधारे सोडवले आणि त्यातून संक्रियात्मक संशोधन, म्हणजे मर्यादित साधनांचा सर्वांत लाभदायक वापर गणिताने ठरवण्याचे शास्त्र, जन्माला आले. १९६१ साली ॲरिझोना विद्यापीठात प्रणाली अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. कालांतराने अनेक विद्यापीठांनी औद्योगिक आणि प्रणाली अभियांत्रिकीचे हे दोन्ही प्रवाह एका छताखाली आणले. जॉर्जिया टेक आणि व्हर्जिनिया टेक येथील विभागांच्या नावांतच हा संयोग दिसतो.

संक्रियात्मक संशोधनाच्या अभ्यासाची सुरुवात बहुधा रेषीय प्रायोजनाने होते. उपलब्ध यंत्रतास, माल, मनुष्यबळ अशा अटी असमीकरणांच्या रूपात लिहून त्या सर्व पाळत नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी करणारे उत्तर काढणे, हे त्याचे स्वरूप. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली दिलेली सिम्प्लेक्स पद्धती या अटींनी बनलेल्या बहुफलकाच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर सरकत उत्तर गाठते. मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली, बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना, बहुफलकाच्या अंतर्भागातून वाट काढणारी रीत प्रसिद्ध केली. प्रश्न कितीही मोठा झाला तरी लागणारा वेळ आटोक्यात राहण्याची सैद्धांतिक हमी या रीतीत होती आणि ती प्रत्यक्ष वापरातही टिकली, त्यामुळे या विषयाच्या जगभरातील अभ्यासक्रमांत एका मराठी गणितज्ञाचे नाव कायमचे दाखल झाले आहे.

विद्यार्थ्याची दृष्टी सर्वांत जास्त बदलणारा भाग म्हणजे रांगसिद्धांत. त्याचा पाया कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अरलांग यांनी १९०९ साली घातला. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो की, स्थिर व्यवस्थेत असणाऱ्यांची सरासरी संख्या ही येण्याचा दर आणि प्रत्येकाचा तेथील सरासरी काळ यांच्या गुणाकाराएवढी असते. म्हणून एखाद्या बाह्यरुग्ण विभागात ताशी ३० रुग्ण येत असतील आणि आत सरासरी ४५ रुग्ण असतील, तर घड्याळ न लावताही प्रत्येकाचा दीड तास तेथे जातो हे सांगता येते. याहून महत्त्वाचा आहे तो व्यग्रतेचा परिणाम. एकच खिडकी असेल आणि माणसे येणे व प्रत्येकाला लागणारा वेळ ही दोन्ही यादृच्छिक असतील, तर खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असताना व्यवस्थेत सरासरी ४ माणसे असतात, ९० टक्क्यांवर ९ आणि ९५ टक्क्यांवर १९. साधन एक क्षणही रिकामे राहू नये हा व्यवस्थापनाचा आग्रह रांगेतल्या माणसाकडून किती वसूल करतो, हे या तीन आकड्यांतून जितके स्वच्छ कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून कळते.

कार्यमापन हा या शाखेचा सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त भाग होय. समजा, एका नगाला प्रत्यक्ष ०.८० मिनिट लागले आणि निरीक्षकाने कामगाराचा वेग सामान्यापेक्षा १० टक्के अधिक मानला, तर सामान्य काल ०.८८ मिनिट होतो. विश्रांती, पाणी, थकवा यांसाठी १५ टक्के सवलत धरली की प्रमाण काल १.०१२ मिनिट येतो आणि ८ तासांच्या पाळीत सुमारे ४७४ नगांची अपेक्षा ठरते. हाच वेग निरीक्षकाने सामान्य मानला असता, तर अपेक्षा सुमारे ५२२ नगांवर गेली असती. दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत काटेकोर दिसणाऱ्या या गणिताच्या मध्यभागी एका माणसाने दुसऱ्याविषयी केलेला अंदाज असतो, आणि कामगारांचा रोष त्यावरच होता. मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात १९११ साली घड्याळ लावण्यावरूनच ओतकाम करणाऱ्यांनी काम थांबवले आणि पुढे अमेरिकी काँग्रेसने अशा शस्त्रागारांत घड्याळाच्या वापरावर बंदी घातली. मुंबईतील गिरणी कामगारांच्या १९२८ सालच्या सहा महिन्यांच्या संपामागेही, विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत यांसारख्या सुव्यवस्थीकरणाच्या योजनांना असलेला विरोध हे एक प्रमुख कारण होते. गिरणगावाचा हा इतिहास महाराष्ट्रातील अभ्यासक्रमांत कार्यमापनाच्या शेजारी शिकवला जायला हवा. तो वगळला की कार्यमापन केवळ सूत्रपाठ होऊन बसते.

या संघर्षाला शास्त्रीय उत्तर देण्याचा प्रयत्न अर्गोनॉमिक्समध्ये, म्हणजे काम माणसाच्या शरीराला व क्षमतेला जुळवून घेण्याच्या शास्त्रात, दिसतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या १९९१ सालच्या सुधारित सूत्रानुसार, सर्व परिस्थिती अनुकूल असताना दोन्ही हातांनी उचलण्याच्या ओझ्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलोग्रॅम आहे. ओझे शरीरापासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटरवर धरावे लागले तर ती निम्म्यावर येते, आणि वळून उचलणे, वारंवार उचलणे किंवा पकड नीट नसणे यांमुळे आणखी घटते. प्रयोगशाळेत विद्यार्थी खोक्यांची अंतरे आणि कोन मोजून हे सूत्र स्वतः पडताळतो.

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत गणित, भौतिकी, संगणक आज्ञावली आणि विशेषतः संभाव्यता व संख्याशास्त्र यांवर भर असतो. नंतर वरील विषयांबरोबर कारखान्याची मांडणी, गुणवत्ता नियंत्रण, पुरवठासाखळी, अभियांत्रिकी अर्थशास्त्र आणि सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर व्यवस्थेची प्रतिकृती चालवून बदलांचे परिणाम आधी पाहणे, हे विषय येतात. शेवटच्या वर्षीचा प्रकल्प शक्यतो प्रत्यक्ष चालू असलेल्या आस्थापनात केला जातो, कारण तेथील नोंदी अपुऱ्या असतात, माणसे घाईत असतात आणि प्रश्न कोणी आखून दिलेला नसतो.

भारतात १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १९६३ साली मुंबईत पवई येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. ‘निटी’ या नावाने परिचित असलेल्या या संस्थेचे २०२३ साली मुंबईच्या आयआयएममध्ये रूपांतर झाले. खरगपूरच्या आयआयटीत औद्योगिक व प्रणाली अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, तर मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभियांत्रिकी संक्रियात्मक संशोधनाच्या जोडीने शिकवली जाते. पदवी स्तरावर ही स्वतंत्र शाखा देशात मोजक्याच ठिकाणी आढळते. बहुतेक महाविद्यालयांत तिचे विषय उत्पादन किंवा यंत्र अभियांत्रिकीत विभागलेले असतात आणि पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेतही ‘उत्पादन व औद्योगिक अभियांत्रिकी’ अशी एकत्रित प्रश्नपत्रिका असते.