रखुमाईचं वेगळं घर

गावोगावच्या देवळांत विठोबा-रखुमाई एकाच चौथऱ्यावर शेजारी शेजारी उभे असतात. पंढरपुरात तसं नाही. तिथे विठोबाच्या पायावर डोकं ठेवून बाहेर पडायचं आणि मागच्या अंगाला चालत जायचं, तेव्हा रखुमाई भेटते. तिचा गाभारा वेगळा, सभामंडप वेगळा. पुजारीसुद्धा वेगळे होते: देवाचे बडवे, देवीचे उत्पात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दोघांचेही वंशपरंपरागत हक्क संपले. देवळं मात्र दोनच राहिली.

याचं कारण आमच्याकडे पोरींना लहानपणीच सांगतात. द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसली होती. रुक्मिणी समोर आली तरी ती उठली नाही, आणि त्यानेही तिला उठवलं नाही. रुक्मिणी तडक निघाली ती भीमाकाठच्या दिंडीरवनात येऊन तप करत बसली. देव तिला शोधत आला, वाटेत पुंडलिकाच्या दारी थांबला आणि विटेवरच राहिला. कीर्तनात सगळी रंगत पुंडलिकाची. रुक्मिणीचं येणं दोन वाक्यांत उरकतं. मला हे कायम खटकत आलंय. जिने स्वतः निरोप धाडून नवरा निवडला, सख्ख्या भावाचं वैर पत्करून त्याच्या रथात पाऊल ठेवलं, तिने किती मोलाचं सोडलं असेल ते कुणी मोजतच नाही. प्रेम आटलं म्हणून ती निघाली नव्हती. प्रेम होतंच, त्या घरात तिची जागा उरली नव्हती.

द्वारकेतही रुक्मिणीचं देऊळ गावाबाहेर, सुमारे दोन किलोमीटरवर आहे. पण तिथे कारण सांगतात दुर्वासांच्या शापाचं: ऋषींना न विचारता ती पाणी प्यायली, म्हणून नवऱ्यापासून तुटली. तिथे तिला दूर केलं गेलं. पंढरीत ती आपल्या पायांनी आली. मराठी मुलखाने ही दुसरी कथा उराशी धरली, याचा मला अभिमान वाटतो.

संशोधक रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात विठ्ठल आणि तिरुपतीचा व्यंकटेश यांचं नातं उलगडून दाखवलं. तिथेही लक्ष्मी रागावून निघून गेल्याची कथा आहे, आणि व्यंकटेशाची पत्नी पद्मावती हिचं देऊळ डोंगराखाली तिरुचानूरला, निराळं. रुक्मिणी जिथे तप करत बसली, त्या दिंडीरवनात आजही लखुबाई या देवीचं ठाणं आहे. देवी आधीपासून स्वतंत्र होती, लग्नाची कथा मागाहून जोडली गेली, असं अभ्यासकाला म्हणता येईल. येऊ दे. बायांनी त्या वेगळेपणाला जो अर्थ दिला, तोही इतिहासच आहे.

तो अर्थ जात्यावर टिकला. गी पॉईटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांत रुक्मिणी पुन्हा पुन्हा येते. देवाच्या गळ्यात तुळस बघून चिडणारी, संत जनाबाईबद्दल त्याला तोंडावर विचारणारी. दळणाऱ्या बाईला जे नवऱ्याला विचारता येत नव्हतं, ते ती रुक्मिणीच्या तोंडून विचारून घ्यायची.

माझी आत्या या ओव्या म्हणायची. डाव्या हाताने जात्यात वैरण घालायची, उजवा खुंट्यावर, आणि रुक्मिणीचं नाव आलं की आवाज चढायचा. तिच्या नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. सात-आठ वर्षं ती त्याची वाट बघत सासरी राबली. मग एका वसंत पंचमीला पंढरपूरला गेली. त्या दिवशी तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं, दर वर्षी लागतं, आणि लग्न लागूनही रखुमाई आपल्याच देवळात असते. आत्याने तिची खणा-नारळाने ओटी भरली आणि सासरी न जाता सरळ आमच्याकडे आली. वडिलांनी काही न विचारता मागची खोली रिकामी करून दिली. पुढे दोन शेळ्यांच्या चार झाल्या, आणि शांत झोप लागते, असं ती आईला सांगायची.

वर्षभराने नवरा न्यायला आला. आत्याने त्याला पाटावर बसवलं, गरम भाकरी वाढली, पोटभर जेवू घातलं. “आलात, बरं वाटलं,” म्हणाली. “असंच येत जावा. मी मात्र आता हितंच.”