एन्झाइम आणि प्रथिन : एका वादाची हकीकत

भाकरीचा घास बराच वेळ चघळला, की तो गोडसर लागू लागतो. लाळेतील एक द्रव्य पिठातील स्टार्चाची साखर करीत असते. स्वतः मात्र ते खर्ची पडत नाही. अशा द्रव्यांना जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७७ च्या सुमारास ‘एन्झाइम’ हे नाव दिले. परंतु ते कशाचे बनलेले असते, हा प्रश्न पुढे अर्धशतक अनिर्णीतच राहिला.

हरितद्रव्यावरील संशोधनाबद्दल १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड विलश्टेटर यांचे मत असे, की एन्झाइम हा एक लहानसा क्रियाशील रेणू असून प्रथिन हे केवळ त्याचे वाहन होय. त्यांनी शुद्ध केलेल्या द्रावणांत एन्झाइमाची क्रिया दिसे; पण प्रथिन सापडत नसे. वस्तुतः एन्झाइमाचे सामर्थ्य एवढे, की त्या काळच्या कसोट्यांना न जाणवणाऱ्या अल्प मात्रेतही ते काम करी.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सम्नर यांनी १९१७ मध्ये निराळी वाट धरली. शिकारीतील अपघातात लहान वयातच त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते मूळचे डावखुरे! एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेस जाऊ नये, हा सल्ला त्यांनी मानला नाही. अबईच्या कुळातील जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांचे पीठ त्यांनी निवडले. कारण युरियाचे विघटन करणारे युरिएज त्यात विपुल असते. नऊ वर्षांच्या खटपटीनंतर, १९२६ मध्ये, पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिटोनने काढलेल्या अर्कात थंडीत बारीक स्फटिक जमले. ते प्रथिनाचे होते आणि त्यांत युरिएजची क्रिया तीव्र होती.

प्रथिनाला एन्झाइम नुसते चिकटले असेल, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रप यांनी जठररसातील पेप्सिनचे स्फटिक मिळविले. त्यातील प्रथिन जेवढे बिघडवावे, तेवढीच क्रिया घटते, हे त्यांनी दाखविले, तेव्हा आक्षेपाचा आधार ढासळला. १९४६ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता.

तथापि सर्व प्रथिने एन्झाइम नव्हेत; केसांतील केराटिन हेही प्रथिनच. उलट, आर.एन.ए. हे प्रथिन नसूनही एन्झाइमासारखे कार्य करू शकते, असे टॉमस चेक यांना १९८२ मध्ये आढळले. सम्नर यांचा सिद्धांत त्यामुळे खोटा ठरला नाही. त्याची सीमा तेवढी स्पष्ट झाली. शास्त्रात थोरांच्या शब्दाला मान असतो. निर्णय मात्र प्रयोगच देतो.