एका दिवाळी अंकाचे प्रकाशन

२०२० च्या दिवाळीत आपण माजी विद्यार्थ्यांनी ई-अंक काढला आणि त्याचे प्रकाशन घरोघरी पडद्यासमोर बसून केले. त्याची हकिकत लिहायचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे दिले, कारण बैठकीची लिंक मी पाठवली होती. संगणकवाल्यांच्या वाट्याला अशीच कामे येतात.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा रुजवली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी. मूळ आडनाव आजगावकर. १८९५ साली त्यांनी 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक त्यांच्यासमोर होते. पुढे चित्रकार दीनानाथ दलालांचा 'दीपावली' १९४५ मध्ये, अनंत अंतरकरांचा 'हंस' १९४६ मध्ये, मधुकर पाटकरांचा 'आवाज' १९५१ मध्ये सुरू झाला. 'आवाज' त्याच्या खिडकीचित्रांमुळे आमच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असे. म्हणून तोच आम्ही आधी वाचायचो.

हे अंक बाबा दादरहून आणत, खाडीपूल ओलांडून, बसने. मे १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत आली आणि त्याच दिवाळीला आम्ही नववीतल्यांनी वर्गाचे हस्तलिखित काढले. कार्डशीटचे मुखपृष्ठ, आतल्या कागदांवर पेन्सिलच्या फिकट रेघा, कडेने लाल रिबीन. प्रत एकच. ती चाळीस-पन्नास मुलांनी वाचायची कशी? म्हणून मराठीच्या बाई ऑफ तासाला ती मोठ्याने वाचून दाखवत. अक्षर बरे म्हणून उतरवून काढायचे काम माझ्याकडे होते.

आता कबुली. वर्गातल्या एकाने तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारावर लेख दिला होता. त्याचे वडील तिथे माथाडी होते. पहाटे गाड्या कशा लागतात, गोणी पाठीवर कशी घेतात, सगळे त्यात होते. मोजून ठेवलेले कागद संपत आले, तेव्हा मी त्याच्या लेखाची शेवटची दोन पाने उतरवलीच नाहीत. खाली 'समाप्त' लिहिले आणि वेलबुट्टी काढली. बाईंना विचारले नाही, त्यालाही नाही. माझी स्वतःची कविता मात्र पूर्ण होती. बाईंनी वाचले तेव्हा तो मान खाली घालून ऐकत होता. कधी काही बोलला नाही.

२०२० च्या दिवाळीत दादरला जाणे सोपे नव्हते. २१ ऑक्टोबरपासून महिलांना गर्दीची वेळ सोडून लोकलने जाता येत होते; सर्वांसाठी ती १ फेब्रुवारी २०२१ ला खुली झाली. जाहिराती आटल्या होत्या. काही अंक निघालेच नाहीत, काही पीडीएफ होऊन फोनवर आले. आपलाही त्यातलाच. प्रकाशनाला नेरूळ, पनवेल, पुणे, न्यू जर्सी अशा ठिकाणांहून लोक जमले. रिबीन सोडायला काही नव्हते, म्हणून वाचन ठेवले.

बाई पडद्यावर आल्या, ओठ हलू लागले, आवाज नाही. "बाई, म्यूट काढा!" सगळे एकदम ओरडले. वर्गात इतक्या मोठ्याने बोलायची कुणाची छाती नव्हती. बाईंनी चष्मा सारखा केला आणि पिवळे पडलेले फुलस्केप कागद उचलले. हस्तलिखितासाठी आलेले मूळ लेख त्यांनी अठ्ठावीस वर्षे जपले होते. त्यांनी बाजाराचाच लेख काढला.

मी उतरवले होते तिथपर्यंत मला जवळजवळ पाठ होते. पुढचे विसरले होते. वडिलांची पाठ धरली तेव्हाचे पाच आठवडे, उधारीवर बंद झालेले दूध, आणि मुलाने सुट्टीत स्वतः उचलून पाहिलेली गोणी. तेवढ्यात बैठक बंद पडली. फुकटची होती, चाळीस मिनिटांची. परत लिंक पाठवताना माझी बोटे चालेनात.

सगळे पुन्हा आले, तोही आला. मी तिथेच सांगून टाकले.

तो हसला. "मला वाटलं, बाईंनी कापलं," म्हणाला.

"मी कशाला कापीन?" बाई म्हणाल्या, आणि गोणीच्या वाक्यापासून पुन्हा वाचू लागल्या.

तो लेख या स्मरणिकेत पुढच्या पानापासून आहे. टंकलेखन मीच केले. सहा पाने लागतील, हे मंडळाला आधीच कळवून ठेवले होते.