धूर मोजणारा ओझोनमापक

सप्टेंबर १९५० मध्ये ब्रिटनमधील लोकांना सूर्य आणि चंद्र निळे दिसले. कारण होते कॅनडाच्या पश्चिमेकडचे वणवे! त्यांचा धूर अटलांटिक ओलांडून आला होता. ही वाट तेव्हा हवामानाच्या नोंदी जुळवून शोधावी लागली. वरून पाहणारे कोणी नव्हते.

ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने निंबस-७ हा उपग्रह सोडला. त्यावरील टॉम्स या उपकरणाचे काम ओझोन मोजण्याचे, धुराचे नव्हे. वातावरणातून परत फिरणारे अतिनील किरण ते काही ठरावीक तरंगलांबींना मोजी. यांतल्या काही तरंगलांबी ओझोन फारशा शोषत नाही. त्यांवरून ढग व जमीन किती उजळ आहेत हे काढीत.

आता गंमत पाहा. हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात. या विखुरलेल्या प्रकाशाच्या वाटेत धुराचा थर आला, तर तो त्यातला काही भाग शोषतो आणि दोन तरंगलांबींमधले अपेक्षित प्रमाण बिघडते. ओझोनच्या हिशेबात ही अडचणच. १९९० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी ही अडचणच मोजायला घेतली आणि तिला 'एरोसॉल निर्देशांक' म्हटले. जमीन अतिनील प्रकाशात काळपट दिसत असल्याने जमिनीवरचा धूरही यात सापडतो. निंबसवरील टॉम्स १९९३ मध्येच बंद पडले होते. पण जुन्या नोंदी पुन्हा तपासून पंधराएक वर्षांचा धूर हाती आला. विद्यार्थ्यांना नोंदवह्या जपून ठेवायला आम्ही सांगतो, ते उगाच नाही.

१९९७ साली एल निनोमुळे इंडोनेशियात पाऊस लांबला. जमीन साफ करण्यासाठी लावलेल्या आगी कालिमंतान आणि सुमात्रातील दलदलीच्या पीटमध्ये शिरल्या. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर. ते आतल्या आत धुमसत राहतात. नव्या टॉम्सला हा धूर हिंदी महासागरावर पसरलेला दिसला. १९ सप्टेंबरला मलेशियातील सारावाकमध्ये आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद झाल्या. तेथील प्रदूषण निर्देशांक ८०० च्या वर गेला. ३०० च्या पुढे हवा घातक मानतात.

मात्र एक मेख आहे. धूर जमिनीलगत असला, की त्याच्याखाली हवा थोडीच उरते आणि टॉम्सचा निर्देशांक कमी येतो. म्हणजे नेमका नाकातोंडात जाणारा धूरच त्याला नीट दिसत नाही. धुराची उंची लेसरने मोजणारा कॅलिप्सो उपग्रह पुढे २००६ ते २०२३ या काळात काम करीत होता. सारावाकचा तो आकडा मात्र जमिनीवरच्या मापकांनीच दिला होता.