घरातील बोलती यंत्रे

घरात नवे यंत्र आले म्हणजे प्रथम त्याची किंमत विचारली जाते, मग ते कसे चालते हे पाहिले जाते, आणि वर्ष-दोन वर्षांत ते यंत्र आहे हेही विसरले जाते. इतिहासकारही या बाबतीत घरातल्या माणसांहून फारसे सावध नसतात. राजे, लढाया आणि सनदा यांची नोंद होते. परंतु दिवाणखान्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या पेटीने त्या घराच्या भाषेवर आणि वेळापत्रकावर काय परिणाम केला, याची नोंद क्वचितच होते. ही उणीव थोडीबहुत भरून काढावी, या हेतूने परभणी जिल्ह्याचे उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. यंत्र मोठे की लहान, यापेक्षा त्यातून कोण बोलतो आणि कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न येथे जितका स्पष्टपणे उभा राहिला तितका तो थोड्याच ठिकाणी राहिला असेल.

प्रारंभ जात्यापासून केला पाहिजे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव याच जिल्ह्यात गोदातीरी आहे, आणि जनाबाईंचे नाव घेतले की दळणकांडण आठवावे, इतका त्या दोहोंचा संबंध मराठी मनात दृढ झालेला आहे. पहाटे दोघीजणींनी समोरासमोर बसून खुंटा धरावा, वरच्या तळीच्या तोंडात मुठीने ज्वारी घालावी आणि हात फिरू लागला की ओवी म्हणावी, हा क्रम कित्येक शतके चालला. त्या ओवीत माहेर होते, पंढरीचा विठोबा होता, सासूचा जाच होता आणि भावाचे कौतुकही होते. दिवसभर मान खाली घालून वावरणाऱ्या स्त्रीला मनातले उघड बोलण्याची मुभा त्या घरघरीच्या आडोशानेच मिळत असे. म्हणून जाते हे आम्ही घरातले पहिले बोलते यंत्र मानतो. बोलणारी घरचीच होती, भाषा घरचीच होती आणि ऐकण्यास दाम पडत नव्हता.

बाहेरच्या यंत्रांची वाट आगगाडीने मोकळी केली. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला आणि परभणी व पूर्णा ही गावे मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही शहरांशी जोडली गेली. रॉकेलचे कंदील, शिवणयंत्रे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या याच वाटेने आल्या. ग्रामोफोनमुळे प्रथमच असे झाले की गाणारा घरात नाही आणि गाणे मात्र घरात आहे. तथापि कोणती तबकडी घ्यावयाची हे घरधन्याच्या हाती असल्यामुळे ते यंत्र पाहुण्यासारखे आज्ञेत राहिले.

रेडिओची गोष्ट निराळी. मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादेस चौथ्या दशकात नभोवाणी सुरू झाली, ती पुढे संस्थानाच्या ताब्यात आली, आणि औरंगाबादेसही संस्थानाचे केंद्र उघडण्यात आले. या केंद्रांवर उर्दूचे प्राबल्य होते. कचेरीची भाषा उर्दू, उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, आणि आता घरात येणारा आवाजही बहुतांशी उर्दू. येथे उर्दूविषयी आम्हांस आकस नाही; ती गोड भाषा आहे आणि परभणीच्या बाजारपेठेत ती मराठीच्या मांडीला मांडी लावून बसलेली आहे. तक्रार आहे ती एवढीच की ज्या प्रजेची मातृभाषा मराठी, तिला आपल्या राज्याच्या नभोवाणीत आपले बोलणे ऐकण्यास क्वचितच मिळे. संस्थानातील मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होते. ज्या काळी परिषद भरवून आपले म्हणणे मांडावे लागत होते, त्याच काळी पेटीतला आवाज दुसऱ्यांच्या हाती होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

त्या पेटीची योजनाही श्रीमंतांनाच परवडेल अशी होती. निर्वात नळ्यांचा संच तापेपर्यंत थांबावे लागे, छपरावर तार ताणावी लागे, आणि जेथे वीज नाही तेथे जड विद्युत्घट बाळगून ते पुनःपुन्हा भरून आणावे लागत. त्यामुळे रेडिओ एकाचा आणि ऐकणारे पन्नास, असा प्रकार होई. निजामाने १७ सप्टेंबर १९४८ रोजी युद्धबंदीची घोषणा केली तीही नभोवाणीवरूनच. ज्या यंत्राने संस्थानाचा रुबाब मिरविला, त्यानेच त्याचा शेवट सांगितला.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही केंद्रे भारत सरकारच्या नभोवाणीत सामील झाली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. परंतु घराघरांतील खरा पालट राजपत्राने झाला नाही. तो एका चिमुकल्या वस्तूने केला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. नळीचे काम तो नखाएवढ्या जागेत करी, त्याला तापावे लागत नसे आणि दोन-चार सुक्या घटांवर तो कित्येक दिवस चाले. ज्या खेड्यात विजेचा खांब नव्हता तेथेही आता पेटी बोलू शकली. ती शेतात गेली, बैलगाडीच्या जुवाला टांगली गेली, चुलीजवळच्या फडताळातही बसली. तिचा परवाना मात्र टपालकचेरीत पैसे भरून काढावा लागे.

अशा वेळी, १९६८ साली, आकाशवाणीचे केंद्र खुद्द परभणीस सुरू झाले, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, जिल्ह्याच्या बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत, ज्वारी-कापसावरील किडीपासून भजनापर्यंत सर्व काही ऐकू येऊ लागले. १८ मे १९७२ रोजी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांच्यामधील अंतर तोडण्याचे एक साधन गावात आधीच हजर होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्या पेटीतून परकी भाषा येत होती, तीतूनच आता शेजारच्या गावचा माणूस बोलू लागला. यंत्र बहुतेक तेच. बदलला तो बोलणारा.

पण येथेच थांबलो तर इतिहास अर्धाच राहील. त्याच काळात पिठाची गिरणी गावोगाव पोचली. तिने स्त्रियांच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरविले आणि त्याबद्दल तिला कोणीही दोष देऊ नये. पहाटे तीनला उठून पायली दळणारीला जुन्या काळाचा मोह पडत नाही, तो दळण न दळलेल्यांनाच पडतो. परंतु जाते थांबले आणि ओवीचा आडोसा गेला. रेडिओ आला तो ऐकण्यासाठी. त्याने घरच्या बाईला श्रोती केले, गायिका केले नाही.

ही हानी काही अंशी तरी भरून निघाली ती दुसऱ्याच एका यंत्रामुळे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत या दोहोंचे जाणकार त्यांस येऊन मिळाले. ओव्या संगणकात नोंदल्या गेल्या आणि कित्येक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ साली याच जिल्ह्यातील ताडकळस येथेही बायकांचे गाणे असे मुद्रित करण्यात आले. २०१७पासून हा संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर लोकांपुढे येऊ लागला. गिरणीने जो आवाज थांबविला तो संगणकाने जपला. तथापि जपला तो काहींचाच.

आज परभणीच्या जवळजवळ प्रत्येक घरात जो खिशातला फोन आहे, त्यात ग्रामोफोन, रेडिओ आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र ही तिन्ही एकत्र आली आहेत. पूर्वीच्या पेटीला जे साधत नव्हते ते याला साधते: हा ऐकवितो तसे ऐकूनही घेतो. आपण मात्र त्याचा उपयोग बहुधा दुसऱ्यांचे ऐकण्यापुरताच करतो. ज्यांनी स्वतः जात्यावर बसून ओव्या म्हटल्या त्या आज्या आता ऐंशीच्या घरात आहेत. सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळींस आमची एवढीच सूचना आहे की येत्या सुट्टीत गावी गेल्यावर आजीजवळ बसावे, फोन मध्ये ठेवावा आणि तिला आठवेल तेवढे म्हणू द्यावे. म्हणणारीचे नाव, गाव आणि दिवस तेवढा टिपून ठेवावा. पुढच्या इतिहासकाराचे अर्धे काम त्यानेच होईल.