दोन युरोपियन कप आणि मागे राहिलेली नावं

फुटबॉलचा इतिहास १९९२ साली प्रीमियर लीगबरोबर सुरू झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर त्यात तुमचा फारसा दोष नाही. हायलाइट्स, आकडेवारी, व्हिडिओ गेममधले जुने संघ, सगळं साधारण तिथपासूनच नीट मिळतं. त्याआधीचं सगळं म्हणजे धूसर चित्रफिती, चिखलाची मैदानं आणि आखूड चड्ड्या. या वेळच्या भागात आपण त्याच चिखलात उतरलो होतो, नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या गोष्टीसाठी. तिथे सांगायची राहिलेली काही माणसं या लेखात आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. जानेवारी १९७५ मध्ये ब्रायन क्लफ मॅनेजर म्हणून आला तेव्हा फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये धडपडत होता. १९७७ मध्ये संघ वर चढला आणि पहिल्याच वर्षी, १९७८ मध्ये, इंग्लंडचा विजेता झाला. मग १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप. लीगमध्ये सलग ४२ सामने हार नाही. हा विक्रम मोडायला २००४ साल आणि आर्सेनल यावं लागलं. देशाच्या लीगपेक्षा युरोपचा कप जास्त वेळा जिंकलेला फॉरेस्ट हा आजही एकमेव क्लब आहे.

यातून लोकांच्या लक्षात काय राहिलं? एक म्हणजे क्लफ. त्याचा पुतळा शहराच्या मध्यभागी आहे. दुसरं म्हणजे ट्रेव्हर फ्रान्सिस, दहा लाख पौंडांना घेतलेला पहिला ब्रिटिश खेळाडू. त्यानेच म्युनिकच्या अंतिम सामन्यात हेडर मारून गोल केला. गोष्ट छान बसते: जादूगार मॅनेजर, महागडा खेळाडू, कप. पण या दोघांच्या मध्ये जी जागा उरते, तिथे कोण होतं?

१३ सप्टेंबर १९७८ ची रात्र घ्या. युरोपियन कपची पहिलीच फेरी आणि समोर लिव्हरपूल, मागची दोन्ही वर्षं हाच कप जिंकलेला. फॉरेस्टचा पहिला गोल केला गॅरी बर्टल्सने. हा पोरगा आधी घरोघरी कार्पेट बसवायचं काम करायचा आणि लाँग ईटन युनायटेड या छोट्या क्लबकडून खेळायचा. फॉरेस्टने त्याला २,००० पौंडांना घेतलं. क्लबसाठी त्याचा हा पहिलाच गोल, तोही युरोपच्या विजेत्यांवर! पुढे फ्रान्सिसला जी किंमत पडली, त्यात असे पाचशे बर्टल्स आले असते.

त्याच सामन्यात शेवटच्या मिनिटांमध्ये दुसरा गोल झाला. तो कोलिन बॅरेटचा. बॅरेट खरं तर डावा बचावपटू, पण त्या क्षणी गोलसमोर पोचला होता आणि चेंडू हवेतच टोलवून त्याने लिव्हरपूलचा कारभार आटोपला. परतीच्या सामन्यात ०-० झालं, म्हणजे तो दुसरा गोल किती मोलाचा होता बघा. त्यानंतर काही दिवसांतच लीगच्या सामन्यात बॅरेटचा गुडघा गेला आणि त्याची कारकीर्द पूर्वीसारखी कधीच झाली नाही. ज्या प्रवासाचं दार त्याने उघडलं, तो प्रवास बाकीच्यांनी केला.

बॅरेटची जागा घेतली फ्रँक क्लार्कने. न्यूकॅसलसाठी तेरा वर्षं खेळल्यावर १९७५ मध्ये त्या क्लबने त्याला मोकळं केलं होतं. फॉरेस्टने त्याला एक पैसा न देता घेतलं. ३० मे १९७९ ला म्युनिकमध्ये माल्मोविरुद्ध तो मैदानात होता, वय ३५. खेळाडू म्हणून हा त्याचा शेवटचा सामना. निवृत्त व्हायला याहून चांगला दिवस कुठला?

पण म्युनिकला पोचायच्या आधी कोलोन होतं. उपांत्य फेरीचा पहिला सामना नॉटिंगहॅममध्ये ३-३ असा सुटला. परक्या मैदानावरचे तीन गोल म्हणजे कोलोनचं काम झाल्यातच जमा होतं. २५ एप्रिलला जर्मनीत एका कॉर्नरवर इयन बोयरने डोकं घातलं आणि फॉरेस्ट १-० ने जिंकला. पहिल्या सामन्यातही त्याचा एक गोल होताच. बोयर क्लफच्या आधीपासून क्लबमध्ये होता. मधली फळी, बचाव, जिथे भोक पडेल तिथे हा उभा. दोन टप्प्यांत मिळून तो फॉरेस्टसाठी साडेपाचशेहून जास्त सामने खेळला. मोठ्या गोष्टीत मात्र त्याच्या वाट्याला फार तर एखादं वाक्य येतं.

आणि शेवटी जॉन मॅकगव्हर्न. दोन्ही युरोपियन कप उचलणारा कर्णधार. सोळाव्या वर्षी तो हार्टलपूलकडून खेळायला लागला, तेव्हा तिथला मॅनेजर क्लफ होता. पुढे डर्बी, लीड्स, फॉरेस्ट, क्लफ जिथे जाईल तिथे हा. विशी गाठायच्या आत इंग्लंडच्या चारही डिव्हिजनमध्ये खेळून झालेलं. त्याची पळण्याची ढब विचित्र होती, लीड्सच्या प्रेक्षकांनी तर त्याची हुर्यो उडवली. स्कॉटलंडच्या मुख्य संघात त्याला एकदाही घेतलं नाही. त्याचं काम काय? चेंडू हिसकावायचा, साधा पास द्यायचा, पुन्हा जागेवर यायचं. डावीकडून जॉन रॉबर्टसन जी कमाल करायचा, तिच्यासाठी चेंडू आधी कुणीतरी मिळवून द्यावा लागायचा.

आता प्रश्न असा की ही माणसं मागे का पडली? ती कमी दर्जाची होती म्हणून नाही. त्या काळी गोल आणि सामने मोजले जायचे. कुणी किती चेंडू हिसकावले, कुणाच्या पासवरून गोल झाला, हे लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. इतिहासात आपल्याला हे वारंवार दिसतं: जे मोजलं जातं ते उरतं, ज्याची किंमत छापून येते ते उरतं, आणि बाकीचं ‘त्या मॅनेजरची जादू’ या खात्यात जमा होतं. १९८० च्या माद्रिदच्या अंतिम सामन्यात, हॅम्बुर्गविरुद्ध, फ्रान्सिस दुखापतीमुळे नव्हताच. रॉबर्टसनने गोल केला आणि उरलेला वेळ या बाकीच्यांनी किल्ला लढवला. ‘जादू’ म्हणून मोकळं झालं की हे कष्ट दिसेनासे होतात.

मग मॅकगव्हर्नचं मोल कळणार कुठून? थोडंफार १९७० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांतून, आणि बरंचसं तेव्हा उभं राहून सामने बघणाऱ्या लोकांच्या तोंडून. ती मंडळी आज साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांच्याबरोबर हे कप जातील असं नाही, ते नोंदलेले आहेत. पण बोयर कसा धावायचा, बॅरेटचा तो टोला कसा बसला, हे जाईल.

म्हणून तुमच्यासाठी एक काम. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर, कुठेही राहत असाल, तर शेजारच्या आजोबांना, बसमधल्या एखाद्या काकांना विचारा. ‘तुमचा सगळ्यात आवडता खेळाडू कोण?’ असं नको, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारा, ‘कुणाचं नाव आता कुणीच घेत नाही?’ मग आरामात बसा. उत्तर लांबणार आहे. आणि हो, फोनवर रेकॉर्ड करताना आधी परवानगी घ्या.