आपली गाडी मोठी कशी झाली?

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला याल तेव्हा हॉलमध्ये शिरण्यापूर्वी पार्किंग लॉटवर एक नजर टाका. सेडान मोजक्याच, बाकी एसयूव्ही आणि मिनीव्हॅन. मुलं झाली, सामान वाढलं, म्हणून मोठी गाडी घेतली, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण या निवडीमागे पन्नास वर्षांचा इतिहासही आहे.

आपल्यातले जे सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले, त्यांना गॅस स्टेशनवरच्या रांगा आठवत असतील. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत बॅरलचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. काही राज्यांत नंबर प्लेटचा आकडा सम की विषम, यावर गॅस कोणत्या दिवशी मिळणार ते ठरे. १९७५ मध्ये कायदा झाला: १९८५ पर्यंत नव्या कारचं सरासरी मायलेज गॅलनला २७.५ मैल हवं. कंपन्यांनी गाड्या लहान केल्या. काही वर्षांत सरासरी कारचं वजन सुमारे हजार पौंडांनी उतरलं.

मग दुसरी भीती पुढे आली. जड गाडीची हलक्या गाडीशी टक्कर झाली, तर हलक्या गाडीतल्यांना जास्त इजा होते. नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००२ च्या अहवालात समितीतल्या बहुतेकांनी अंदाज मांडला, की गाड्या हलक्या आणि लहान झाल्यामुळे १९९३ या एका वर्षात १,३०० ते २,६०० जास्त माणसं दगावली असावीत.

तोवर १९८६ मध्ये तेल कोसळलं होतं. शिवाय कायद्यात एक पळवाट होती: 'लाइट ट्रक'ना मायलेजची अट सौम्य, नव्वदच्या दशकात जेमतेम २० मैलांची. एसयूव्ही आणि मिनीव्हॅन याच वर्गात मोडत. गॅस स्वस्त, नियम सैल आणि उंच बसलं की सुरक्षित वाटतं; मग गाड्या फुगतच गेल्या. २००८ मध्ये गॅस चार डॉलरवर गेला तेव्हा लोक पुन्हा लहान गाड्यांकडे वळले, पण भाव उतरताच ती आठवणही उतरली.

मोठ्या गाडीने आतली माणसं सांभाळली, पण बाहेरच्यांचं काय? या देशात २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली दगावले. २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक. याला वेग, अंधार, रस्त्यांची रचना अशी इतरही कारणं आहेत. तरी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या २०२३ च्या अभ्यासात, चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्या बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा पादचाऱ्यांसाठी सुमारे ४५ टक्के अधिक जीवघेण्या ठरल्या.

भारतातून आलेले आपले आईबाबा संध्याकाळी फेरफटका मारायला निघतात, ते याच रस्त्यांवर. पुढची गाडी घ्यायला डीलरकडे जाल तेव्हा आत बसून बघालच. त्याआधी एकदा तिच्यासमोर उभे राहा, आणि बॉनेट तुमच्या छातीपर्यंत येतं का ते बघा.